छोट्या हॉरर गेममध्ये सेव्हची सोय का नसते?

प्रश्न : तास-दीड तासात संपणारे छोटे हॉरर गेम मला आवडतात. पण त्यांतील अनेकांत सेव्हची सोयच नसते, त्यामुळे मध्येच उठावे लागले किंवा गेम बंद पडला की सगळे पहिल्यापासून खेळावे लागते. हा निर्मात्यांचा आळस म्हणायचा, की यामागे काही विचार असतो? खेळणाऱ्याने यावर काय करावे?

उत्तर : आळस म्हणणे बहुतेक वेळा अन्यायाचे होईल. काही गमावण्याची शक्यता असली तरच भीती टिकते, हे या प्रकारातील निर्माते पूर्वीपासून जाणतात. 1996 च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये टाइपरायटरपर्यंत पोहोचून, मोजक्याच मिळणाऱ्या शाईच्या रिबिनी खर्चून सेव्ह करावे लागे. 2014 च्या ‘एलियन : आयसोलेशन’मध्ये तर सेव्ह होत असतानाच्या काही क्षणांतही हल्ला होऊ शकतो. 2012 च्या ‘स्लेंडर : द एट पेजेस’मध्ये सेव्ह नाहीच, पण तिथे ते खटकत नाही, कारण एक डाव काही मिनिटांचा असतो आणि शोधायच्या पानांच्या जागा दर डावात बदलतात.

एकाच ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या तासाभराच्या कथेत मात्र हे समर्थन टिकत नाही. कोणते दार कधी आपटणार हे पाठ झालेल्या माणसाला तोच भाग पुन्हा खेळताना भीती नव्हे, कंटाळा येतो. शिवाय घाबरवण्यासाठीच केलेल्या खेळातून कोणी घाबरून मध्येच उठेल, हे निर्मात्याने गृहीत धरायलाच हवे. आजारपणामुळे किंवा लहान मुलांमुळे सलग बसू न शकणाऱ्यांचाही त्या खेळावर तितकाच हक्क आहे.

तांत्रिक अडचण खरी आहे. युनिटी किंवा अनरिअलसारख्या इंजिनांत, म्हणजे गेम बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, माहिती साठवण्याची साधने असतात. पण कोणते दार उघडे आहे, कोणती वस्तू उचलली, कोणता प्रसंग घडून गेला, पाठलाग करणारा कुठे आहे, यांतले काय नोंदवायचे आणि ते पुन्हा जसेच्या तसे कसे उभे करायचे, हे निर्मात्यालाच ठरवावे लागते, आणि असे कितीतरी गेम एकटा माणूस बनवत असतो. त्यात चूक राहिली तर खेळाडू सुटका नसलेल्या जागी कायमचा अडकतो. तरीही कथेचे प्रकरणांत भाग पाडून फक्त प्रकरणाचा क्रमांक साठवणे फारसे अवघड नाही. रोगलाइक प्रकारात, म्हणजे मेल्यावर डाव पहिल्यापासून सुरू होणाऱ्या खेळांत, रुळलेली तात्पुरती सेव्ह मला याहूनही योग्य वाटते : बाहेर पडताना ती होते आणि खेळ पुन्हा सुरू करताच पुसली जाते, त्यामुळे धोका कमी न होता वेळ मात्र वाचतो. अर्ध्या तासाहून मोठ्या प्रत्येक हॉरर गेममध्ये ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर यंत्राचा आधार घ्या. प्लेस्टेशन 5, निन्टेन्डो स्विच आणि स्टीम डेक यांवर गेम चालू ठेवूनच यंत्र स्लीप किंवा रेस्ट मोडमध्ये टाकता येते. एक्सबॉक्स सीरिज एक्स आणि एसवर बहुतेक गेमसाठी क्विक रिझ्यूम, म्हणजे सोडलेला गेम त्याच जागेवरून पुन्हा सुरू करण्याची सोय, आहे. संगणकावर गेम पॉज करून स्लीप वापरता येते, मात्र वीज पूर्ण तुटली तर ती स्थिती जाते आणि गेमच कोसळला तर यांपैकी काहीच कामाला येत नाही. निर्मात्याला अवश्य लिहा, आणि नुसते ‘सेव्ह द्या’ न म्हणता कोणत्या प्रसंगानंतर थांबावेसे वाटले ते नेमके कळवा, कारण पुढच्या अपडेटमध्ये चेकपॉइंट, म्हणजे जिथून खेळ पुन्हा सुरू करता येतो ती जागा, कुठे ठेवायचा हे त्याला त्यावरूनच ठरवता येईल.