आधी वेट स्टेट वाढव, मग कमी कर

मालवणात बसून हा मायक्रोकंट्रोलरचा नाद लावून घेतलास, याचा मनापासून आनंद आहे. एटीमेगा२५६० या मायक्रोकंट्रोलरच्या बसवर (मेमरीशी जोडणाऱ्या तारांवर) १५० नॅनोसेकंदांत डेटा देणारी ईप्रॉम (कायम साठवणीची मेमरी चिप) आणि वाचताना मधूनच चुकीचे बाइट, हे तू कळवलेलं लक्षण ओळखीचं आहे.

रिसेटनंतर या मायक्रोकंट्रोलरमध्ये वेट स्टेट (मेमरीसाठी थांबायचे जादा क्लॉक) शून्य असते. १६ मेगाहर्ट्झला एक क्लॉक ६२.५ नॅनोसेकंदांचा. ईप्रॉमचा डेटा बसवर पोचायच्या आतच कंट्रोलर जे दिसेल ते उचलतो. म्हणून बाहेरच्या मेमरीची सेटिंग ठेवणाऱ्या एक्सएमसीआरए रजिस्टरमध्ये आधी जास्तीत जास्त वेट स्टेट टाक. वाचन बिनचूक आलं की एकेक कमी करत जा.

नव्या माणसाच्या हमखास दोन चुका:

- एचडी४४७८० ही कंट्रोलर चिप असलेला एलसीडी थेट बसवर जोडणे. ५ व्होल्टला त्याच्या ई (एनेबल) पिनवर निदान २३० नॅनोसेकंदांचा पल्स लागतो. १६ मेगाहर्ट्झला सगळे वेट टाकूनही तो मिळत नाही. साध्या पोर्ट पिनवर चालव. शिवाय स्क्रीन पुसायला त्याला दीड मिलिसेकंद लागतो, तिथे बिझी फ्लॅग (काम चालू असल्याची खूण) तपासावा लागतो किंवा तेवढा वेळ थांबावं लागतं. वेट स्टेट फक्त एक बस सायकल, म्हणजे एकच वाचन किंवा लेखन, ताणते.
- प्रत्येक चूक टायमिंगची समजणे. आपल्या खाऱ्या हवेत ब्रेडबोर्डचे संपर्क लवकर खराब होतात. एका पावसाळ्यात मी आठवडाभर क्लॉक मोजले, आणि दोष निघाला गंजलेल्या सॉकेटमध्ये! वेट वाढवूनही चूक तशीच राहिली, तर सरळ सोल्डर केलेल्या बोर्डावर ये.

मेमरीच्या दोन भागांना वेगवेगळे वेट देता येतात, पण ते आत्ता नको. ईप्रॉम नीट वाचली की कळव.