पंधरा वर्षं झाली, आता गाडीचं काय?

प्रश्न : आमची वॅगनआर २०११ ची, पेट्रोल, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलंय. जुलैत पंधरा वर्षं भरतायत, म्हणजे आरसीची (रजिस्ट्रेशनची) मुदत संपतेय. एजंट म्हणतो १४ हजार द्या, गाडी दाखवायलाही लागणार नाही. घरचे म्हणतात इन्शुरन्स ऑक्टोबरपर्यंत आहे की, घाई कसली? काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : दादा, आधी घरच्यांचं बघू, कारण खरी गडबड तिथंच आहे. इन्शुरन्सची तारीख वेगळी आणि आरसीची वेगळी. ऑगस्टमध्ये कुठं ठोकली गाडी, तर पॉलिसी हातात असूनही कंपनी म्हणणार की रजिस्ट्रेशनच संपलेलं, क्लेम कसला मागताय. २०१४ साली असंच एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं, टेम्पररी नंबरची मुदत संपल्यावर अपघात झालेला आणि निकाल लागला कंपनीच्या बाजूने. आणि उलटं पण आहेच, इन्शुरन्स नसेल तर रिपासिंग (म्हणजे आरसीची मुदत वाढवणं) होत नाही. त्यामुळे इन्शुरन्स, पियुसी दोन्ही चालू पाहिजे, मगच आरटीओची पायरी चढायची.

मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, फॉर्म २५, परिवहनच्या साईटवर भरला जातो. म्हणजे तुम्ही मे महिन्यातच लागा कामाला. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा, बाईकला ३००.

आता एजंटचे १४ हजार. कारच्या रिपासिंगची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० आहे (आधी फक्त ६०० होती, तेव्हा केलेले लोक अजून ऐकवतात!). त्यावर पर्यावरण कर, तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त असतो, आणि आरसी कार्डाचे थोडेफार. बाकीचे कशाचे ते त्याला विचारा, आणि सरकारी पावती दाखव म्हणा. गाडी न दाखवता काम करून देतो म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही. इन्स्पेक्टर साहेबांनी गाडी बघायची, चासी नंबर आरसीशी जुळवायचा, हाच तर त्या पासिंगचा मुद्दा आहे. उद्या काही लफडं निघालं तर एजंट फोन उचलणार नाही, कागदावर नाव तुमचं.

तुमचं अडणार ते सीएनजीवर. किट आरसीवर चढवलंय का ते आज काढून बघा. आरसीवर इंधन नुसतं पेट्रोल लिहिलेलं असेल तर आधी ते काम करा आणि पॉलिसीतपण नोंद करून घ्या, नाहीतर आग लागली की कंपनीला आयतंच कारण मिळतं. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी लागते, बरेच जण विसरतात.

बाकी तपासणीचा बाऊ करू नका. टायर गुळगुळीत नकोत, हॅन्डब्रेक धरला पाहिजे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सीटबेल्ट चालू हवेत. काचेवरची काळी फिल्म आणि पुढचं बुलगार्ड घरीच काढून जा. चासी नंबर गंजाखाली गेला असेल तर तिथं हळू हाताने साफ करा, ग्राइंडर अजिबात लावू नका. जुनी गाडी असल्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट पण लागेल. बँकेचं कर्ज फेडलं पण आरसीवर बोजा तसाच असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तोही उतरवून घ्या.

एवढं केलं की ५ वर्षांची मुदत मिळते. पुढच्या वेळेला मात्र विचार करा, कारण गाडी २० वर्षांवर गेली की कारची फी २०२५ च्या नियमाने थेट १०,००० आहे.

प्रश्न : २०१९ ला स्कूटी घेतली तेव्हा शोरूमवाले म्हणाले पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे. परवा पोलिसांनी पावती फाडली. आमचं काय चुकलं? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : २०१९ अधिक ५ किती होतात ताई? रागावू नका, हे खूप जणांचं झालंय. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू व्हीलरला ५ वर्षांचा आणि कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) एकदम घ्यावाच लागतो, त्यामुळे दरवर्षीची सवय मोडते आणि संपल्याचं कळतच नाही. पहिल्यांदा २,००० दंड, परत सापडलात तर ४,०००. पण दंड सोडा, तुमच्या गाडीने कोणाला इजा झाली तर भरपाई तुमच्या खिशातून जाणार, तिला वरची मर्यादा नाही. आजच थर्ड पार्टी काढा.

प्रश्न : वडील दोन वर्षांपूर्वी वारले, कार त्यांच्याच नावावर आहे. रिपासिंग माझ्या सहीने होईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. आधी फॉर्म ३१ ने गाडी नावावर करा, खरंतर ३ महिन्यांत करायचं असतं. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती तयार ठेवा, आणि आरसी झाली की पॉलिसीवरचं नावपण लगेच बदला.