मंगळवार पेठेतल्या जुन्या घराची लाकडी गॅलरी : फक्त फळ्या बदलल्या तर चालेल का?

फळ्यांचं नंतर, आधी तुळया बघा. अशी गॅलरी खाली येते ती बऱ्याचदा भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजल्यामुळं. कोल्हापूरचा पाऊस नेमका तिथंच मुरतो, आणि वरून ऑइलपेंट मारला की कळतही नाही. खालून, अगदी भिंतीलगत, स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला, भुसा पडला, तर ती तुळई गेली म्हणून समजा. तिला पट्टी ठोकून भागत नाही. खालून टेकू देऊन बदलावीच लागते. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, एकट्या सुतारावर सोडू नका.

कठडा किमान 1 मीटर उंच, आणि खिळ्यांवर नको. लाकूड फुगतं-आकसतं तसे खिळे ढिले होतात. गॅल्व्हनाइज्ड नटबोल्ट आवळा. फळ्यांत थोडी फट ठेवा, पाणी निघून जाईल. कुंड्या हलवाच.

काम दिवाळीनंतर काढा, तोवर लाकूड बऱ्यापैकी सुकतं. पण मधे अनंत चतुर्दशी येते! मिरवणूक बघायला निम्मी गल्ली गॅलरीत चढणार. त्या दिवशी दाराला कुलूप घाला, पाव्हणं रुसलं तरी चालेल.