मुंबईत बांधलेलं जहाज बघायला हार्टलपूलपर्यंत जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये दहा दिवस इंग्लंड-स्कॉटलंड, सोबत अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणारे सासरे. लंडनमध्ये 'कटी सार्क' हे जुनं जहाज बघणारच आहात, मग एडिंबरोला जाताना मध्येच ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलला 'त्रिंकोमाली' या मुंबईत बांधलेल्या जहाजासाठी एक अख्खा दिवस द्यावा का? वर दोघांनी लिहिलंय की एक जुनं जहाज बघितलं की सगळी बघितल्यासारखीच. मला ते अजिबात पटत नाही. दिवस काढाच. अगदीच जमत नसेल तर लंडनचा एक दिवस कमी करा.

मी चौदा वर्षं न्यूकॅसलला राहतोय. या जहाजावर सात-आठ वेळा तरी जाऊन आलोय, त्यातली एक खेप बाबांना घेऊन. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एचएमएस त्रिंकोमाली मुंबईत बांधलंय. आपल्या फोर्टमध्ये, आज जिथे नौदलाची गोदी आहे तिथे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. लाकूड मलबारचा साग. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया आणि त्यांच्या हाताखालचे सुतार. आज पाण्यावर तरंगत असलेली ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका हीच. पोर्ट्समथची 'व्हिक्टरी' हिच्यापेक्षा ५२ वर्षांनी जुनी, पण ती पाणी काढलेल्या कोरड्या गोदीत टेकवून ठेवलीय. हार्टलपूलचं जहाज मात्र पाण्यात आहे. आत उभं राहिलात की वारा सुटल्यावर दोरखंडांचा आणि लाकडाचा बारीक आवाज येतो.

आता मुंबईकर म्हणून हे का बघायचं ते सांगतो. लवजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले १७३६ मध्ये. १७५० मध्ये इथे दगडी कोरडी गोदी बांधली गेली. पुढे याच घराण्याच्या हाताखाली 'मिंडेन', 'कॉर्नवॉलिस', 'एशिया' अशी मोठमोठी जहाजं तयार झाली. 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये चीन आणि ब्रिटनमधला नानकिंगचा तह झाला. 'एशिया' १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश ताफ्याचं मुख्य जहाज होतं. यातलं एकही आज उरलेलं नाही. ज्या गोदीत ती बांधली, ती लायन गेटच्या आत आहे आणि तिथे तुम्हा-आम्हाला सहज जाता येत नाही. माझे बाबा त्या गोदीत एकतीस वर्षं सुतार होते, तरी मला लहानपणी दिसली ती बाहेरची भिंतच. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत किती मोठं आणि किती बारकाईचं काम होत होतं, ते हाताने चाचपून बघायचं असेल तर हार्टलपूलशिवाय पर्याय नाही. म्हणून माझा एवढा आग्रह.

मुलाला आवडेल अशी एक गोष्ट जायच्या आधीच सांगून ठेवा. जहाजाची ऑर्डर निघाली ऑक्टोबर १८१२ मध्ये. आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेने पाठवले. वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने तिला गाठलं. डिसेंबर १८१२ ची ही लढाई. 'जावा'ची इतकी मोडतोड झाली की अमेरिकनांनी ती ओढून न नेता तिथेच जाळून टाकली. आराखडेही गेले. मग दुसऱ्या प्रती पाठवाव्या लागल्या आणि मुंबईत काम सुरू व्हायला १८१६ चा मे उजाडला. जमशेटजींनी पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून सुरुवात केली. (या कण्याला आपल्या किनाऱ्यावरचे होड्या बांधणारे सुतार पठाण म्हणतात.) आणि गंमत म्हणजे ती 'कॉन्स्टिट्यूशन' अजून बॉस्टनमध्ये तरंगतेय! आराखडे बुडवणारं जहाज आणि त्या आराखड्यांची वाट बघत राहिलेलं जहाज, दोन्ही शाबूत. अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगितलंत तर तो जहाजावर नुसता पळत सुटणार नाही, बघेल.

उशीर झाल्यामुळे पुढचं सगळं नशीबच बदललं. जहाज १८१९ च्या एप्रिलमध्ये पोर्ट्समथला पोचलं तेव्हा नेपोलियनशी युद्ध संपून चार वर्षं होत आली होती. (येताना ते सेंट हेलेनाला थांबलं होतं आणि नेपोलियन तेव्हा त्याच बेटावर कैदेत होता.) लढाईच नाही म्हटल्यावर नवंकोरं जहाज राखीव म्हणून बांधून ठेवलं ते तब्बल पंचवीस वर्षं. १८४५ ला बाहेर काढून डागडुजी केली, तोफा कमी केल्या आणि १८४७ पासून दहा वर्षं ते अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये फिरलं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेटांमधल्या एका सामुद्रधुनीला आजही त्याचं नाव आहे. मग नौदलाच्या राखीव सैनिकांना शिकवायचं जहाज म्हणून ते आधी संडरलंडला आणि १८६२ मध्ये हार्टलपूललाच आलं. १८९७ मध्ये भंगारात विकलं गेलं. त्याच वर्षी जॉर्ज व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांचं 'फुद्रोयां', एकेकाळचं नेल्सनचं जहाज, ब्लॅकपूलला वादळात फुटलं होतं. त्यांनी त्या जागी हे घेतलं आणि नावही तेच दिलं. मुलामुलींना समुद्राचं शिक्षण देत ते १९८६ पर्यंत या परक्या नावाने जगलं. मूळ नाव परत मिळालं १९९२ मध्ये.

इतकं टिकलं कसं, हा खरा प्रश्न आहे, आणि उत्तर लाकडात आहे. इंग्लंडची जहाजं ओकची. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्याला खातं आणि खिळ्याभोवतीचं लाकूडही सडत जातं. सागात तेल असतं. त्यात खिळा टिकतो, कीड लवकर शिरत नाही, पाण्याने लाकूड फारसं फुगत-आकसत नाही. आपल्याकडे आजोबांच्या घरचं सागवानी दार अजून नीट लागतं, त्याचंच हे मोठं रूप. त्यात इंग्लंडमध्ये चांगल्या ओकची टंचाई झाली होती. म्हणून तर ब्रिटिश नौदल इतक्या लांब जहाजं बांधून घ्यायला आलं.

आता तिथे गेल्यावर. बहुतेक लोक वरच्या डेकवर फोटो काढतात, कप्तानाची खोली बघतात आणि परततात. तुम्ही उलट करा. धक्क्यावरून आधी नाळेवरची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची लाकडी मूर्ती बघा, पागोटं घातलेला माणूस आहे. मग आत गेलात की थेट तळाशी उतरा आणि तिथून वर या. तळाशी जहाजाच्या फासळ्या दिसतात. एकेक फासळी एवढी जाड आणि दुसरीला इतकी खेटून की मध्ये हात जेमतेम जावा.

बाबा २०१८ मध्ये आले होते. तळाशी उतरल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग एका तुळईवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, थोडं सरकून पुन्हा केलं. म्हणाले, "सागच. आतून भरीव आहे." तिथे एक वयस्कर स्वयंसेवक होते. त्यांना मराठी येत नव्हतं आणि बाबांचं इंग्रजी कामापुरतं. बाबांनी तळहातावर बोटाने तिरकस सांधा काढून दाखवला आणि प्रश्नार्थक मान हलवली. त्या गृहस्थांनी लगेच टॉर्च काढला आणि आम्हाला पाच-सहा पावलं आत नेऊन जुनं लाकूड आणि दुरुस्तीत घातलेलं नवं लाकूड जिथे जोडलंय ती जागा दाखवली. एका बाजूचं लाकूड काळसर, कडा गोलसर झालेल्या, बुजवलेल्या भोकांच्या खुणा. दुसऱ्या बाजूचं सरळ धारेचं. सांधा इतका नेमका की नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. बाबांनी नख फिरवून बघितलंच! मग दोघं अर्धा तास नुसत्या हातवाऱ्यांवर बोलत होते, मी मध्ये पडलोच नाही.

ही दुरुस्ती हाही बघण्याचाच भाग आहे. हार्टलपूल जहाजबांधणीचं गाव, पण १९६० च्या दशकात तो धंदा बंद पडला. पुढे तिथल्याच कारागिरांनी 'वॉरियर' ही १८६० ची लोखंडी युद्धनौका दुरुस्त केली. १९८७ मध्ये ती पोर्ट्समथला गेली आणि त्याच वर्षी तिकडून हे आपलं जहाज तराफ्यावर लादून इथे आलं. नंतर दहा वर्षांहून जास्त काळ काम चाललं, पूर्ण झालं २००१ मध्ये. निम्म्याहून बरंच जास्त लाकूड अजून मुंबईतलं मूळचंच आहे. जुनं काढून सगळं चकचकीत नवं करणं सोपं होतं, त्यांनी तसं केलं नाही. मला या माणसांबद्दल मनापासून आदर वाटतो.

तळाच्या वरचा मजला खलाशांच्या राहण्याचा. मुलाच्या खिशात मोजपट्टी ठेवा. नौदलाच्या नियमाप्रमाणे एका माणसाच्या झोळीला टांगायला १४ इंच रुंदी मिळायची. त्याला तेवढं मोजायला सांगा आणि तेवढ्यात उभं राहायला सांगा. माझ्या पुतणीने हे केलं आणि नंतर त्या मजल्यावर सगळ्यात जास्त वेळ तीच रमली. त्याच्या वर तोफांचा मजला. मूळ तोफा १८ पौंडी, म्हणजे गोळा साधारण ८ किलोचा आणि तोफ जवळजवळ दोन टनांची. बार उडाला की ती मागे उसळायची, तिला थोपवायला जाड दोरखंड. तो दोरखंड दोन्ही बाजूंना कुठे बांधलाय ते शोधायला सांगा. कप्तानाची खोली याच मजल्यावर मागच्या टोकाला आहे. खिडक्या सुरेख आहेत, पण मी तिथे दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही.

सासऱ्यांचं. मजल्यांमधले जिने अरुंद आणि उभे आहेत, शिडीच म्हणा ना. खालच्या मजल्यांवर तुळया डोक्याला लागतात, उंच माणसाने वाकूनच चालावं. गुडघे खरंच त्रास देत असतील तर त्यांना तळाशी नेऊ नका. कुठल्या मजल्यापर्यंत सोय आहे ते निघण्याआधी संग्रहालयाला फोन करून विचारून घ्या. धक्क्यावर जुन्या बंदराच्या गावासारखी दुकानं आणि घरं उभी केली आहेत, तिथे त्यांचा वेळ छान जाईल. शेजारीच 'विंगफील्ड कॅसल' ही जुनी चाकांची आगबोट आहे.

एक जहाज बघितलं की सगळी बघितली असं वर म्हटलंय, म्हणून कटी सार्कबद्दल एवढंच. ते १८६९ चं चहा वाहणारं व्यापारी जहाज, लोखंडी सांगाडा आणि त्यावर लाकडी फळ्या. जमिनीपासून वर उचलून ठेवलंय, त्यामुळे पोटाखालून चालता येतं. ते त्याचं वैशिष्ट्य, आणि तेही जरूर बघा. दोन्ही बघितलीत तर जहाजाचा बाहेरचा आकार कटी सार्कवर समजेल आणि आतली बांधणी त्रिंकोमालीवर.

जायचं कसं: लंडनच्या किंग्ज क्रॉसहून संडरलंडला जाणाऱ्या काही थेट गाड्या हार्टलपूलला थांबतात, पण त्या मोजक्याच असतात. माझ्या मते न्यूकॅसलला एक रात्र राहा, बॅगा हॉटेलवर ठेवा आणि किनाऱ्याच्या लोकल गाडीने जा. पाऊण-एक तास लागतो. जाताना डाव्या बाजूला बसा, सीहॅमनंतर समुद्र अगदी रुळांजवळ येतो. स्टेशनवरून धक्का चालत पंधरा मिनिटांवर. सासऱ्यांसाठी टॅक्सी करा. सकाळी उघडल्या उघडल्या पोचा आणि जहाजाला किमान तीन तास द्या. जून असला तरी उत्तर समुद्राचा वारा बोचतो, तिघांनाही जाकीट हवंच. बूट न घसरणारे.

तारखा ठरल्या की इथेच लिहा. शनिवार-रविवार असेल तर मी न्यूकॅसलहून तुमच्याबरोबर येतो. तो सांधा नेमका कुठे आहे ते मला माहीत आहे, आणि तुम्ही मुलाबरोबर खाली असताना सासऱ्यांसोबत धक्क्यावर बसायला मला आवडेल.