सारख्याच नावाच्या परदेशी कंपनीची नोटीस आलीय, नाव बदलून टाकू का?

लगेच नको. तुमचं म्हणणं असं की छोटा ऑनलाइन व्यवसाय चार वर्षं नीट चाललाय, आणि आता दुसऱ्या देशातली तुमच्याएवढीच छोटी कंपनी म्हणतेय की हे नाव आमचं, चौदा दिवसांत बंद करा. आम्ही दोघं मिळून अपॉइंटमेंट बुकिंगचं एक छोटं सॉफ्टवेअर विकतो आणि आम्हालाही असाच मेल आला होता. मी रात्री दीड वाजता सणसणीत उत्तर टाइप केलं होतं, पार्टनरने पाठवू दिलं नाही म्हणून वाचलो, कारण त्यात मी रागाच्या भरात लिहून बसले होते की "तुमच्याच ग्राहकांचे रिफंडचे मेल आम्हाला येतात, आधी ते बघा". म्हणजे लोकांचा गोंधळ होतो हे समोरच्या वकिलाला सिद्ध करायचं होतं, आणि मी ते आयतं ताटात वाढून देत होते. तेव्हा पोच द्या, "मिळालं, बघून कळवतो" एवढंच.

आता मुद्दा. ट्रेडमार्क देशापुरता असतो, 'आमच्याकडे इंटरनॅशनल ट्रेडमार्क आहे' असं कोणी म्हटलं तरी सगळ्या जगाला लागू होणारी नोंदणी नसतेच. माद्रिद प्रोटोकॉल नावाच्या आंतरराष्ट्रीय करारातून एका अर्जात बरेच देश मागता येतात, पण संरक्षण द्यायचं की नाही ते प्रत्येक देश आपापलं ठरवतो. युरोपियन युनियनची नोंदणी तेवढी एकदम 27 देशांत चालते. म्हणून एक शीट उघडा आणि त्यांच्या नोंदणीचे तीन कॉलम करा, देश, क्लास (कुठल्या प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी नोंदणी आहे तो गट), तारीख. टीएमव्ह्यू या ट्रेडमार्क शोधायच्या साइटवर आणि वायपोच्या, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, ग्लोबल ब्रँड डेटाबेसवर फुकट सापडतं. आमच्या केसमध्ये त्यांची नोंदणी निघाली एकाच देशात, तीही क्लास 35 मध्ये, म्हणजे बिझनेस सल्ला वगैरे, आणि आमचं काम 9 आणि 42 मधलं, म्हणजे सॉफ्टवेअरचं. एकूण क्लास 45 आहेत. पण क्लास वेगळा म्हणजे सुटलो असं नाही हं, ग्राहकाला दोन्ही एकाच घरचे वाटतील का हे बघतात, क्लासचा आकडा नुसता सोयीसाठी.

तारखेत एक मेख असते. एका देशात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत दुसऱ्या देशात केला तर पहिल्याच अर्जाची तारीख धरायला मागता येते, म्हणजे 'आपण त्यांच्या चार महिने आधी भरला' हा आनंद खोटा ठरू शकतो. आणि भारत, अमेरिका अशा ठिकाणी आधीपासूनच्या वापराला चांगलं वजन आहे, चीनमध्ये मात्र मुख्यतः आधी अर्ज कोणाचा तेच बघतात. त्यामुळे जुनी बिलं, पहिल्या जाहिराती, डोमेन घेतल्याची पावती, वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवरची आपली जुनी पानं, सगळं तारखेनिशी आजच काढून ठेवा.

'आम्ही जगात प्रसिद्ध आहोत' हा दावा मोठ्यांनाही सहज पेलत नाही. टोयोटाने प्रियस गाडी जपानमध्ये 1997 ला आणली, भारतात एका पार्ट्सवाल्याने 2001 पासून तेच नाव वापरलं, आणि 2017 ला सुप्रीम कोर्टाने पार्ट्सवाल्याच्या बाजूने निकाल दिला, कारण तो वापर सुरू झाला तेव्हा गाडीचं नाव भारतात पुरेसं माहीत होतं याचा पुरावा नव्हता. मग तुमच्याएवढ्याच कंपनीचं नाव तुमच्या देशात कोणाला माहीत असणारे?

खरी भीती कोर्टाची नाहीच, निदान लहानांच्या भांडणात. भीती आहे ती ॲप स्टोअर किंवा मार्केटप्लेसवरच्या तक्रारीच्या फॉर्मची. तिथे ते नोंदणी क्रमांक टाकतात आणि कोण बरोबर हे ठरायच्या आधीच तुमचं पान खाली येऊ शकतं. तुम्ही त्यांच्या देशात खरंच विकता का ते बघा. साइट तिथून नुसती दिसते एवढ्याने सहसा वापर धरत नाहीत, पण तिथलं चलन, तिथे डिलिव्हरी, तिथल्या लोकांसाठी जाहिरात असं असेल तर अडकता. आमचे त्या देशात मोजून तीन ग्राहक होते, आम्ही तिथली विक्री बंद केली आणि निम्मं भांडण तिथेच मिटलं. तुमचे तिथे बरेच ग्राहक असतील तर मात्र त्या देशातल्या वकिलाला एकदा पैसे द्या, इथे कंजुषी नको. नोटीस पोकळ निघाली तर ब्रिटन, भारत, ऑस्ट्रेलिया इथे बिनबुडाच्या धमकीविरुद्ध उलट दावाही करता येतो, पण हे हत्यार वकिलाला विचारूनच काढा. आणि स्वतःची नोंदणी नसेल तिथे गोलातला आर (®, नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण) लावू नका, काही देशांत तो गुन्हा आहे.

शेवटी बहुतेक वेळा होतो तो करार, दोघांनी एकच नाव आपापल्या हद्दीत वापरायचं. आमचा दोन पानांचा झाला, कोण कुठल्या देशात, कोण कुठल्या कामात, लोगोचा रंग वेगळा, चुकून आलेला मेल दोन दिवसांत पुढे पाठवायचा, एकमेकांच्या नोंदणीला हरकत घ्यायची नाही. फक्त पुढे काय काय विकणार याचा विचार आज करा. बीटल्सची ॲपल कॉर्प्स आणि कॉम्प्युटरवाली ॲपल यांचं ठरलं होतं की कॉम्प्युटरवाल्यांनी संगीतात यायचं नाही, मग कॉम्प्युटरच गाऊ लागले आणि भांडण थेट 2007 पर्यंत चाललं.

अजून एक, डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघा. आमचं निघालं जुन्या वेब डिझायनरच्या पर्सनल अकाउंटवर, आणि करारावर सही करायच्या आधी त्याला शोधण्यातच आमचे अकरा दिवस गेले.