वाचकांचे प्रश्न : पाणवनस्पतींच्या टाकीला दिवा कोणता?

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी माशांची काचेची टाकी आहे. दीड महिन्यापूर्वी तिच्यात प्रथमच अ‍ॅन्युबियास आणि क्रिप्टोकोरिन या वनस्पती लावल्या. टाकीबरोबर मिळालेला निळा-पांढरा एलईडी दिवा सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत चालू असतो. क्रिप्टोकोरिनची पाने पारदर्शक होऊन विरघळली आणि अ‍ॅन्युबियासच्या पानांवर हिरवे ठिपके धरले आहेत. प्रकाश अपुरा पडतो, ३६ वॅटचा गुलाबी दिवा घ्या, असा दुकानदाराचा सल्ला आहे. तो घ्यावा का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तूर्त घेऊ नका. तुमच्या पत्रातील सगळ्यात बोलका आकडा ३६ वॅट हा नसून सकाळी सात ते रात्री अकरा, म्हणजे रोजचे सोळा तास हा आहे.

अ‍ॅन्युबियास ही अतिशय सावकाश वाढणारी, सावलीत रमणारी वनस्पती आहे. तिचे एकेक पान महिनोन्‌महिने टिकते आणि प्रकाश गरजेपेक्षा जास्त वेळ मिळाला की त्याच पानावर शेवाळ बस्तान मांडते. नखाने खरवडूनही न निघणारे बारीक, गोल, गडद हिरवे ठिपके असतील, तर प्रकाश जास्त होत असल्याचीच शंका आधी घ्यावी. क्रिप्टोकोरिनची गोष्ट वेगळी आहे. जागा किंवा पाणी बदलले की ही वनस्पती रुसल्यासारखी सगळी पाने टाकते. शिवाय अनेक रोपवाटिकांमध्ये ती पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेली असते आणि हवेत तयार झालेली पाने पाण्याखाली टिकत नाहीत. मुळाशी असलेला गड्डा दाबून पाहा. तो घट्ट असेल तर रोप उपटू नका, काही आठवड्यांत नवी पाने फुटतील.

आता दिव्याविषयी. वनस्पतीला प्रकाशाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि पोषक द्रव्येही लागतात. तुमच्या टाकीत वायूचा सिलिंडर नाही असे मी धरून चालतो. मग दिवा दुप्पट केला तरी वाढ दुप्पट होणार नाही, कारण वायू तितकाच राहणार, आणि उरलेल्या प्रकाशावर शेवाळ पोसले जाणार. एका लिटरला अमुक वॅट हा जुना हिशेब ट्यूबलाइटच्या काळातला आहे. एलईडीला तो लागू पडत नाही, कारण तेवढ्याच वॅटमध्ये एलईडी कितीतरी जास्त प्रकाश देतो. त्याऐवजी खोक्यावरचा ल्यूमेनचा, म्हणजे दिवा एकूण किती प्रकाश देतो त्याचा, आकडा वाचा. तुमच्या टाकीची मापे धरली तर ती सुमारे ५६ लिटरची भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास राहील. कमी प्रकाशाच्या वनस्पतींसाठी लिटरला १५ ते २५ ल्यूमेन हा ढोबळ अंदाज पुरेसा आहे, म्हणजे साधारण ७०० ते ११०० ल्यूमेन झाले. आपल्या घरांत वापरतात त्या ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ८००-९०० ल्यूमेन लिहिलेले असते, त्यावरून ३६ वॅटची मागणी किती अवास्तव आहे ते ध्यानात येईल. (बल्बचा प्रकाश चहूकडे पसरतो, टाकीच्या पट्टीचा मात्र सरळ खाली पडतो, एवढा फरक धरावा.)

गुलाबी प्रकाशाचा आग्रह अगदीच निराधार नाही. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश अधिक शोषते, हे खरे आहे. परंतु पांढऱ्या एलईडीतही हे दोन्ही भाग असतात, आणि गुलाबी उजेडात मासे व पाने दोन्ही विचित्र दिसतात. ल्यूमेन हे माप मानवी डोळ्यासाठी, म्हणजे हिरव्याकडे झुकलेले असल्यामुळे ते पांढऱ्या दिव्यांच्या आपसातील तुलनेपुरतेच वापरावे. घ्यायचाच झाला तर ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा आकडा, ६५०० ला दिवसाच्या उजेडासारखा पांढरा प्रकाश मिळतो), टाकीइतक्या लांबीचा आणि प्रकाश कमी-जास्त करता येणारा पांढरा दिवा घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या दुकानांत विचारताना रंगांचे किती प्रकार आहेत हे विचारू नका, प्रकाश मंद करता येतो का हे विचारा.

त्याआधी टायमर घ्या. दिव्याचा अवधी सात तासांवर आणा. घरातली माणसे आठच्या लोकलने परतत असतील, तर दुपारी साडेतीन ते रात्री साडेदहा अशी वेळ ठेवली म्हणजे टाकी उजळलेली पाहायला कोणी तरी घरी असेल. चकतीवर फिरणारा साधा टायमर वीज गेली की तेवढा वेळ मागे पडतो, तो पुन्हा जुळवावा लागतो. टाकी पश्चिमेच्या खिडकीजवळ असेल तर पडदा ओढा. एप्रिल-मे महिन्यांतले थेट ऊन कोणत्याही टायमरला जुमानत नाही.

ठिपक्यांनी भरलेली अ‍ॅन्युबियासची दोन-तीन जुनी पाने देठापासून कापून टाका आणि पुढचे नवे पान कसे येते तेवढे पाहा. ते स्वच्छ आले, तर आहे तोच दिवा पुरेसा आहे. आणि हो, दिव्याची वायर प्लगमध्ये जाण्यापूर्वी प्लगच्या पातळीखाली झुकवून मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोळावरून जमिनीवर ठिबकेल, सॉकेटात शिरणार नाही.