देव प्रेमळ असेल तर नरक कशाला?

कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्चमधून रविवारी बाहेर पडलं की चहाच्या गाड्यावर आमचा हाच वाद रंगतो. मी बायबलमधल्या लूक १५ मधल्या, येशूनं सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊ दाखवतो. घर सोडून गेलेला धाकटा परतला म्हणून घरात जेवणावळ, आणि हा रुसून बाहेर. बाप स्वतः येऊन विनवतो, पण दंडाला धरून आत ओढत नाही. नरक म्हणजे ते बाहेर राहणं, असं मी धरतो. आणि ज्याची जमीन लुबाडली त्याला नुसतं 'जाऊ दे रे' म्हणणारा देव तरी प्रेमळ कसा? बायबलमधला नरकासाठीचा 'गेहेन्ना' शब्द यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यावरून आलाय, म्हणून नरकाची आग शब्दशः घ्यायची का यावर ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत. मत्तय २५:४६ मध्ये शिक्षेला लावलेलं 'सार्वकालिक', म्हणजे कधीच न संपणारी, हे विशेषण मात्र, खरं सांगू, मलाही अजून पचलेलं नाही.